घाई असन त दुसऱ्या मेडिकलवर जा

सुंदर हस्ताक्षराचा इतका कट्टर वैरी साऱ्या नागपुरात शोधून सापडायचा नाही, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा निघाला. मी मराठीची शिक्षिका. हस्ताक्षर स्पर्धेत मिळवलेली पाच-सहा पदकं अजून माहेरच्या शोकेसमध्ये मांडलेली आहेत, आणि मी फळ्यावर सुविचार लिहिला की शाळेतल्या झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा तो दोन दिवस पुसत नाहीत. आमच्या जिजाजींना यातल्या कशाचंही कौतुक नाही. सक्करदऱ्याला, तलावापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं औषधांचं दुकान आहे, ज्याला आमच्याकडे सगळे 'मेडिकल' म्हणतात. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांच्या मनाने असा पक्का निकाल देऊन टाकलेला आहे, की मोठी माणसं वाईटच लिहितात, आणि ज्याचं अक्षर मोत्यासारखं त्याला आयुष्यात दुसरा उद्योग नसतो. माझ्या चुलत बहिणीला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाने स्वतःच्या हाताने, काळ्या शाईत, लफ्फेदार वळणाने आपली माहिती लिहून पाठवली होती. घरात सगळे हरखून गेलेले. जिजाजींनी तो कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, "पोट्ट्याचं सारं आयुष्य वेलांट्या काढण्यात गेलेलं दिसते. संसार कवा करन थो?" लग्न झालं, संसारही छान चालला आहे, पण त्या जावयाला आमच्या घरात आजतागायत 'वेलांटी' म्हणतात. मला ते 'सुविचार' म्हणतात. "काय वं सुविचार, आज फळ्यावर कोणाले सुधरवलं?" असं भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांच्या देखत.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे ते कुठलीही गोष्ट तीनदा वाचतात. औषध कपाटातून काढताना एकदा, हातात घेऊन एकदा आणि गिऱ्हाइकाच्या हाती देताना एकदा, असा त्यांच्या धंद्याचा नियम आहे, आणि धंद्यात तो शहाणपणाचाच आहे. पण शटर ओढून घेतल्यावर माणसाने नियम दुकानात ठेवून यावा की नाही? हॉटेलात ते मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट ठेवून तीनदा वाचतात आणि मग पोहे मागवतात. लग्नाच्या हॉलच्या दारात उभे राहून वधूवरांची नावं तीनदा वाचतात, तोवर आत अक्षता पडून जातात. त्यांचं गाव कुहीकडे, तिथे भावाची धानाची शेती आहे. एकदा ताई आणि ते गावी जायला बसस्टँडवर उभे होते. बस आली. जिजाजींनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि समाधानाने म्हणाले, "हो, कुहीचीच आहे." हे नक्की होईपर्यंत बस फाटकातून बाहेर पडली होती. त्या दिवशी त्यांनी अशा दोन बस सोडल्या, असं ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पण चुकीच्या बसमंदी त नाही ना बसलो?"

नात्यातल्या माणसांकडेही ते पेशंट म्हणूनच पाहतात. त्यांनी फोन केला की 'हॅलो' वगैरे भानगड नाही, पहिलं वाक्य, "पोट साफ हून राहिलं ना?" एकदा मी वर्गावर होते म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी माझा फोन उचलला. बिचारे सरळ माणूस. विचारलंच आहे तर सांगावं, म्हणून त्यांनी पंधरा मिनिटं सविस्तर उत्तर दिलं, आणि आता ते दर महिन्याला आमच्या शाळेच्या गावाहून, कळमेश्वरहून, सक्करदऱ्याला चूर्ण न्यायला जातात. हिवाळ्यात ताई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्या करते आणि जिजाजी त्यांचा डबा मला आणून देतात. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, '१-०-१, जेवणानंतर'. दुपारचं शून्य कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. "दुपारी तू शाळेत राहते. तिथं त्या बाकीच्या मास्तरणी खाऊन टाकतीन," ते म्हणाले. नवऱ्याचं पथ्य पाळून पाळून माझी बहीण मात्र ठणठणीत आहे, हेही सांगायला हवं.

अशा माणसाच्या ताब्यात मी माझी मुलगी दिली, ती काही विचार करून दिली नाही, नाइलाजाने दिली.

गार्गी तेव्हा तिसरीत होती. नाव मीच ठेवलेलं, विदुषीचं म्हणून. त्या नावात एक रफार आहे आणि तो रफार एखाद्या लेकराच्या जिवावर उठू शकतो, हे बारशाच्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मुलगी म्हणाल तर लखलखीत. पाचव्या वर्षी तिने मिक्सर उघडून पुन्हा जोडला होता, आणि त्यानंतर तो आधीपेक्षा कमी आवाज करायला लागला होता. ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगायची. "आई, तलावातलं पाणी हिरवं दिसतं, मग ओंजळीत घेतलं की त्याचा रंग कुठे जातो?" असले प्रश्न विचारून बापाला जेवणावरून उठवायची. पण पुस्तक समोर आलं की सगळा कारभार आटोपायचा. 'घ' आणि 'ध' तिला कधी वेगळे दिसलेच नाहीत, काना एका अक्षराचा दुसऱ्याला लागायचा, आणि स्वतःचं नाव लिहिताना रफार कुठे ठेवायचा हे न कळून ती तो बिचारा समासात नेऊन ठेवायची. एकदा मी मेथी निवडत बसले होते आणि ती धडा वाचत होती. खणखणीत आवाज, एकही चूक नाही. मला भरून आलं. कौतुकाने जवळ जाऊन पाहिलं तर ती वाचत होती बैलांचा धडा आणि उघडलेल्या पानावर चित्र होतं नारळाच्या झाडाचं. बाईंनी वर्गात वाचलेला धडा तिने ऐकूनच पाठ केला होता, आणि नेमक्या जागी पान उलटण्याचा अभिनयही बसवला होता.

दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी पोट धरून हसले असते आणि तिच्या बुद्धीला सलाम केला असता. पालकसभेत मी आयांना सांगत असते, "ओरडू नका, मारू नका, प्रत्येक मूल वेगळं असतं." घरी मात्र चुकलेला प्रत्येक शब्द मी तिला दहा-दहादा लिहायला लावला. दहादा लिहिलेल्या शब्दात ती दहा निरनिराळ्या चुका करायची. मराठीच्या बाईंची मुलगी, आणि तिला लिहिता येत नाही! एका संध्याकाळी माझा तोल गेला आणि मी वहीचं ते पान टराटरा फाडलं. गार्गी रडली नाही. तिने तुकडे गोळा केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, मी ढ आहे ना? मग तू कशाला त्रास करून घेतेस?" ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. मार्कांची काळजी मला होतीच, पण त्या दिवसापासून मनात एकच भीती बसली. या हुशार पोरीला आपण ढ असल्याची खात्री पटत चालली होती, आणि ती एकदा पुरती पटली असती तर जगातल्या कुठल्याही शिक्षिकेला ती पुसता आली नसती.

मी तिला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी दोन-तीन दिवस तिच्याशी खेळून, बोलून, तपासून पाच पानांचा अहवाल दिला. बुद्धी उत्तम, वाचन-लेखनात अडचण, हिला डिस्लेक्सिया म्हणतात. हा रोग नाही, आळस नाही. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे न्या, भरपूर वेळ द्या, अक्षरं डोळ्यांबरोबर बोटांनीही ओळखू द्या, आणि एकच शब्द दहा-दहादा लिहायला लावू नका. हे शेवटचं सांगताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. घरी जाताना वाटेत ताईकडे थांबले. जिजाजींनी तो अहवाल मागून घेतला आणि काउंटरवर पसरून, अर्थातच, तीनदा वाचला.

"याच्यात औषध कोठं लिहिलं आहे वं?"

"औषध नाही जिजाजी. हा आजारच नाही."

"बिना औषधाचा कागद, अन् पाच पानं?" त्यांना तो धंद्याचा अपमान वाटला असावा. "मंग द्याचं काय हिले?"

"वेळ द्यायचा म्हणतात."

"दिवसातून कितीदा?"

"लागेल तितका."

त्यांनी पाचही पानं पुन्हा उलटून पाहिली. मग कागदांची घडी घालून मला परत देत म्हणाले, "वेळ आपल्या दुकानात लय पडला आहे. चार ते सात गिऱ्हाईकच नसते. पाठवत जा पोट्टीले." माझी शाळा कळमेश्वरला, मी घरी पोचेपर्यंत साडेसहा वाजतात, आणि गार्गीला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू नुकत्याच मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या. तेव्हा शाळा सुटली की व्हॅनवाल्याने तिला मेडिकलवर सोडायचं, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी जिजाजींनी तिला कायदा सांगितला. औषधांच्या कपाटांना हात लावायचा नाही, कधीच नाही. डावीकडचं कपाट तिचं. त्यात कापूस, पट्ट्या, साबण, ग्लुकोज, गरम पाण्याची पिशवी असला निरुपद्रवी माल. गिऱ्हाइकाने मागितलं की तिने काढून द्यायचं. जुना पांढरा कोट तिला घातला, तो तिच्या पावलांपर्यंत आला. दोन दिवसांत तिला सगळं कपाट पाठ झालं. निळा खोका कापसाचा, पिवळा ग्लुकोजचा. मागितलं की डोळे मिटूनही काढून द्यायची. मी खूश. जिजाजी नाखूश. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या खोक्यांना सारखा खाकी कागद गुंडाळला आणि जागाही बदलल्या. "आता काढ," ते म्हणाले. आता खोके ओळखायचे तर त्यांच्यावरची नावं वाचण्यावाचून इलाज नव्हता.

पण नावं लिहिणार कोण? जिजाजींचं अक्षर असं, की त्यांची चिठ्ठी पाहून डॉक्टरही हात टेकतात. रविवारी सकाळी हा माणूस चार रेघी वही बगलेत मारून माझ्या घरी हजर. इकडे-तिकडे पाहिलं, घरात दुसरं कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "सुविचार, मले 'क' शिकव."

वीस वर्षांचा सूड हातात आला होता. मी त्यांना टेबलाशी बसवलं, पेन्सिल धरायला शिकवली आणि तोंडाला लागलेल्या सवयीने सांगून गेले, "हं, दहादा लिहा." जिजाजींनी जिभेचं टोक बाहेर काढून तीनदा 'क' लिहिला, तिन्ही 'क' तीन दिशांना पडले, आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दहादा लिहून अक्षर सुधरत नाही, मास्तरीणबाई. फक्त मास्तरणीचा राग येते." त्या दिवशी आम्ही 'कापूस' आणि 'साबण' एवढेच शब्द केले, पण ते मोठे, सुटे आणि स्वच्छ केले. असे चार रविवार माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, उभ्या जन्मात कुणासाठी न लिहिलेलं सुवाच्य अक्षर त्या माणसाने माझ्या पोरीसाठी गिरवलं.

विशेष शिक्षिका म्हणाल्या होत्या की अक्षरं बोटांना लागली पाहिजेत. जिजाजींनी डिंकाने नावं लिहून त्यांवर रवा भुरभुरला. कल्पना उत्तम होती, पण ती दुकानातल्या मुंग्यांनाही आवडली. सोमवारी सकाळी 'साबण'मधला 'ब' नाहीसा झाला होता आणि 'ग्लुकोज'वर तर रांग लागली होती. मग रव्याऐवजी बारीक रेती आली. गार्गी कपाटासमोर उभी राहायची, खोक्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायची, मोठ्याने वाचायची. खोका हातात घेऊन पुन्हा वाचायची. काउंटरवर ठेवून तिसऱ्यांदा वाचायची. शाळेत जे पाप होतं ते इथे कामाची पद्धत होती. तिला कुणी 'लवकर वाच' म्हटलं तर जिजाजी तिच्या वतीने भांडायचे. एक गृहस्थ स्कूटर चालू ठेवूनच आले होते. "एक कापूस पायजे गा, त्याले इतका वेळ?" ते म्हणाले. जिजाजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "ते वाचून राहिली. घाई असन त दुसऱ्या मेडिकलवर जा. तिथं चुकीचं लवकर भेटते." गृहस्थांनी स्कूटर बंद केली. पुढे पुढे तर नेहमीची गिऱ्हाइकं मुद्दाम चारनंतर येऊन दोन वस्तू जास्तीच्या मागायला लागली, आणि मोहल्ल्यात लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त कापूस त्या वर्षी खपला.

हे तीनदा वाचण्याचं वेड कुठून आलं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं. ते त्यांनी गार्गीला सांगितलं आणि गार्गीने मला. जिजाजी नवीन नवीन नोकरीला होते, दुसऱ्याच्या दुकानात. गर्दीच्या वेळी त्यांनी घाईत बाटली उचलली आणि एका बाईला डोळ्यांत टाकायच्या थेंबांऐवजी कानाचे थेंब दिले. बाईंचे डोळे आठ दिवस सुजून बंद होते. नंतर बऱ्या झाल्या, कुणी तक्रार केली नाही, पण ते आठही दिवस जिजाजी त्यांच्या घरासमोरून सायकलने चकरा मारत होते आणि आत जायची हिंमत होत नव्हती. "आई, त्यांना भरभर वाचता येत होतं," गार्गी मला सांगत होती, "तरी चुकले. मावसाजी म्हणते, भरभर वाचणं हे काही मोठं काम नाही." मी तिचं 'म्हणते' सुधारून 'म्हणतात' करणार होते, ते तसंच राहू दिलं. त्या दुकानात माझ्या मुलीची भाषा पार बिघडली, याची नोंद एक मराठीची शिक्षिका म्हणून मी करून ठेवते. "आज बारा खोके काढले, एकबी नाही चुकला," असं ती रोज येऊन सांगायची, आणि मी व्याकरण गिळून तिच्या केसांवरून हात फिरवायचे.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी तिला घ्यायला दुकानात गेले, तर दोघं मिळून काहीतरी लपवत होती. शेवटी गार्गीने दुकानाच्या छापील कागदावरची एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. तिने आपणहून, कुणी न सांगता लिहिलेली पहिली गोष्ट ती होती. मी उलटसुलट करून पाहिली, मला एक अक्षर लागेना. "तुले नाही वाचता येनार ते. आन इकडे," म्हणून जिजाजींनी घेतली आणि घडाघडा वाचली, "पेशंटचं नाव, आई. रागावणे, ०-०-१. जेवणानंतर. उपाशीपोटी रागावू नये." खाली गार्गीची सही होती आणि रफार बरोबर जागी होता. चार ओळींत नऊ चुका होत्या. माझ्या पर्समध्ये लाल पेन होतं आणि त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. "बाई, हे औषध किती दिवस घ्यायचं?" मी विचारलं. गार्गीने जिजाजींकडे पाहिलं. "जिंदगीभर," ते म्हणाले.

पण गार्गीच्या शाळेला ही प्रगती दिसायला तयार नव्हती. वर्ष संपत आलं तसं मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं. जिजाजी भरदिवसा शटर ओढून, न बोलावता माझ्या मागोमाग आले. बाई वाईट नव्हत्या, पण समोर ढीगभर पोरं आणि हातात घड्याळ, अशी त्यांची गत होती. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण पाच ओळी वाचायला ती सगळा तास घेते. मुलं हसतात. तिचं लक्षच नसतं हो. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुम्हाला काय सांगायचं? तिच्यासाठी एखादी वेगळी शाळा बघितली तर..." दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर गार्गी बसली होती, आणि तिचे पाय हलायचे थांबले, हे मला दिसलं. इतक्या महिन्यांत कपाटासमोर उभं राहून तिने जे कमावलं होतं, ते त्या एका खोलीत धुऊन निघायला आलं होतं.

जिजाजींनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "मॅडम, तेवढं वाचून देता का? माहा चष्मा राहिला घरी." चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मुख्याध्यापिकांनी कागद घेतला. जवळ धरला, लांब धरला. ती आमच्या भागातल्या एका नामांकित डॉक्टरांची चिठ्ठी होती, म्हणजे वाचता न येण्याची हमीच.

जिजाजींनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "वीस सेकंद झाले, मॅडम."

"अहो, हे अक्षर..."

"सोपं आहे. दोनच ओळी आहे. लक्ष द्या जरासं. लक्षच नाही तुमचं." मग माझ्याकडे वळून, "हासू नको वं सुविचार, मॅडम वाचून राहिल्या." मी हसत नव्हते, मी घामाघूम झाले होते.

मुख्याध्यापिकांचा चेहरा लाल झाला. "मी एम.ए., बी.एड. आहे," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी," जिजाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "एवढं शिकून दोन ओळी नाही वाचता आल्या, त याच्यात तुमचा दोष नाही. मी फक्त घड्याळ दाखवलं. मागं चाळीस पोट्टे हासून राहिले असते, त कसं वाटलं असतं? आमच्या पोट्टीले सारं पुस्तक असंच दिसते, मॅडम. रोज. तरी ते रोज वाचाले बसते."

मुख्याध्यापिका चिठ्ठीकडे पाहत होत्या आणि मी जमिनीकडे, कारण फाडलेलं पान मला आठवलं होतं. घड्याळ न घालताही मी घरात तेच केलं होतं. मग मुख्याध्यापिकांनी विचारलं, "काय लिहिलंय हो पण यात?"

"त्रिफळा चूर्ण. झोपताना, कोमट पाण्यासोबत," जिजाजींनी कागद खिशात घातला. "घेऊन पाहा. सगळ्याईले चालते."

मुख्याध्यापिका आधी दचकल्या आणि मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. गार्गीला आत बोलावलं, जवळ घेतलं आणि विचारलं, "तुला वाचायला किती वेळ लागतो गं?" गार्गीने कोटाच्या बटणाशी खेळावं तसं युनिफॉर्मच्या बटणाशी खेळत सांगितलं, "तीनदा वाचावं लागते मॅडम. पण मग चुकत नाही." शाळा बदलावी लागली नाही. परीक्षेला तिला जास्तीचा वेळ मिळाला, काही विषय तोंडी घ्यायचं ठरलं आणि वर्गासमोर वाचायचं ते तिची इच्छा असेल तरच. परत येताना ऑटोत ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. मग म्हणाली, "मावसाजी, मी ढ नाही. मी हळू आहे."

"हळू त मीबी आहो," जिजाजी म्हणाले आणि बाहेर पाहायला लागले. मी पदराने डोळे पुसले.

गार्गी आता सहावीत आहे. जाडजूड पुस्तकं घेऊन बसते, एकेका पुस्तकाला महिना लावते, पण सोडत नाही. तिचं अक्षर मात्र भयंकरच आहे, आणि जिजाजी ते अभिमानाने गिऱ्हाइकांना दाखवतात. आता तिला मैत्रिणी आहेत, सायकल आहे, वाचनालयाचं कार्ड आहे, चार ते सातला शंभर कामं आहेत. दुकानात जाणं आधी रोजचं, मग आठवड्याचं झालं, आणि मग सणावाराचं. मागच्या आठवड्यात मी बाबांची औषधं आणायला गेले तेव्हा पाच वाजले होते आणि जिजाजी एकटेच बसले होते. डावीकडच्या कपाटातले खाकी खोके तसेच होते, नुकते पुसलेले. रेती जागोजागी गळून गेली होती.

"ते येऊन नाही राहिली आजकाल," ते म्हणाले.

मी परीक्षा, क्लास, प्रोजेक्ट असं काहीबाही सांगायला लागले. त्यांनी हात हलवला. "तू काहून घाबरते? औषध लागू पडलं का पेशंट दुकानात येत नाही. चाळीस वर्षं पाहून राहिलो. बरा झालेला माणूस समोरून जाते न इकडं पाहत बी नाही. असंच पायजे." मग त्यांनी औषधांची पिशवी बांधली, गाठ सोडून पुन्हा बांधली, आणि पिशवीकडेच पाहत म्हणाले, "रविवारी मोकळी राहते का? तिले म्हणा, मावसाजीले त्या मोबाइलमंदलं काही वाचता येऊन नाही राहिलं."

मी निरोप दिला. रविवारी ती सायकलने गेली आणि दोन तासांनी परत आली. मी स्वयंपाकघरात होते. चप्पल काढता काढता ती म्हणाली, "आई, मावसाजींचं काहीच अडलं नव्हतं. त्यांना सगळं वाचता येते." आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मी तरी वाचून दाखवलं. हळूहळू."